चासीवर नंबर परत पंच करून घेऊ नका (निपाणीच्या एमजी टीसीबद्दल)

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. आजोबांची एमजी टीसी, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, निपाणीत तंबाखूच्या वखारीत पडून आहे, आरसी बुकातला चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळत नाही, आणि एजंट म्हणतोय, "काही हजार द्या, बुकात आहे तोच नंबर चासीवर पंच करून देतो." वर इंजिनाचे बोल्ट बाजारातले बसत नाहीत ही दुसरी तक्रार. माझ्याकडेही टीसीच आहे, खानापूरच्या बाजूला, आणि नेमक्या याच दोन गोष्टींनी मला पिडलंय.

बॅटरी, टायर, टाकीतला गाळ यावर लिहीत बसत नाही, तेवढं तुम्हाला ठाऊक असेलच. फक्त गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला लागतं, हे मेकॅनिकला दोनदा सांगा. आजकालची पोरं सवयीनं निगेटिव्ह बॉडीला लावून मोकळी होतात.

आता एजंटचं. त्याला आजच नाही म्हणा. चूक कागदात आहे, तर दुरुस्ती कागदात व्हायला पाहिजे. लोखंडावर घाव घातला की गाडीचा इतिहास तिथंच संपला. शिवाय चासी नंबरात छेडछाड हा गुन्हा आहे. पकडले गेलात तर एजंटचा फोन लागणार नाही, बुकावर नाव तुमच्या घरचं आहे.

बहुतेक काय झालं असणार ते सांगतो. (गाडी न बघता बोलतोय, तेव्हा चुकत असेन तर सांगा.) टीसीचा नंबर पुढच्या डाव्या डम्ब आयर्नवर, म्हणजे स्प्रिंग जिथं अडकते त्या चासीच्या टोकावर ठोकलेला असतो. तोच नंबर कंपनीच्या गॅरंटी प्लेटवर असतो, आणि त्याच प्लेटवर इंजिन नंबरही असतो. हे दोन आकडे वेगळेच असतात, कारखान्यातूनच तसे आलेत. इंजिनावर एक्सपीएजी असं (हे त्या इंजिनाच्या जातीचं नाव) लिहिलेली अष्टकोनी पितळी पट्टी असते, तिच्याशी ताडून बघा. पट्टीवर एक्सपीएजीपुढं एससी दिसलं तर इंजिन वाय टाइप सलूनमधून, म्हणजे एमजीच्याच बंद बॉडीच्या गाडीतून आलेलं, त्यात काही पाप नाही, पण माहीत असू द्या. आमच्या बुकात कधीतरी कुणा कारकुनानं इंजिनाचा आकडा चासीच्या रकान्यात आणि चासीचा इंजिनाच्या रकान्यात उतरवला होता. तुमचंही तेच निघेल अशी माझी पैज.

आणखी एक खूण. टीसीचे नंबर 0251 पासून सुरू झाले, कारण एमजीच्या इंग्लंडातल्या ॲबिंगडनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर 251 होता. 1945 ते 1949 या काळात सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. तेव्हा बुकातला चासी नंबर 251 च्या खालचा किंवा सहा आकडी असेल तर तो टीसीचा नंबरच नव्हे, हे कुठल्याही साहेबाला कागदावर दाखवता येतं.

दाखवता येतं म्हणालो, पटवता येतं असं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका आरटीओ कार्यालयात (नाव घेत नाही, अजून तिथं कामं पडतात) मी नुसती दुरुस्ती मागितली. पहिले साहेब म्हणाले, इंजिन आणि चासी नंबर एक का नाहीत, गाडी जोडून तयार केलेली दिसते. दुसऱ्यांनी बुकातली नोंद कॉम्प्युटरवर चढवताना स्वतःच्या मनानं पुढं शून्य जोडलं, कारण ऑनलाइन सेवांना चासी नंबरातले शेवटचे पाच आकडे लागतात आणि माझ्या टीसीच्या नंबरात आकडे चारच. म्हणजे एका चुकीच्या दोन झाल्या. तिसऱ्यांनी शांतपणे सल्ला दिला की नंबर पंचच करून घ्या, सगळ्यांना सोपं पडेल. सरकारी खुर्चीत बसून! मधे फाइल एकदा हरवली, मग सापडली, तोवर साहेब बदलले आणि पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्यात गाडी रस्त्यावर काढता येईना. पत्र्याच्या शेडात उभी, आणि खानापूरकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा. टीसीची बॉडी म्हणजे ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला पत्रा. वरून रंग चकचकीत होता आणि आत दाराचा खांब भुसा झाला होता. कार्यालयानं घातलेला खरा खड्डा हा. दंड, फी, एजंट सगळं मिळून त्याच्या निम्मंही गेलं नाही. म्हणून कागदांचं काम सुरू असतानाच कार्पेट उचला, दारं हलवून बघा, बिजागरीपाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. वखार कोरडी असेल तर नशीबवान आहात, गाडी तिथून हलवू नका. आमच्याकडच्या सुतारानं सागवान वापरलं. जाणकार नाक मुरडतात, मुरडू देत, पण स्क्रू पितळीच लावायला सांगा.

काम शेवटी झालं ते बी एक्स्ट्रॅक्टमुळे. कार्यालयाच्या रजिस्टरातल्या गाडीच्या नोंदीचा तो दाखला. पण कॉम्प्युटरवरून काढलेला नको, त्यात चूकच छापून येते. जुन्या हस्तलिखित रजिस्टराच्या पानाची प्रमाणित प्रत मागा. तोंडी मागितली तर "जुनी रजिस्टरं नाहीत" हेच ऐकायला मिळेल. माहिती अधिकारात लेखी मागितली की तीस दिवसांत काहीतरी लेखी द्यावं लागतं, आणि "नाहीत" असं सहीनिशी लिहायला कुणी सहसा धजत नाही. आमच्या पानावर पहिली नोंद बरोबर होती, उलटापालट नंतरची. सोबत चासीची पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा, जोडा. रंगाचे थर पेंट रिमूव्हरनं काढा, ग्राइंडर जवळ आणू नका. टी मॉडेलांच्या (टीसी त्यातलंच एक) कारखान्यातल्या उत्पादन नोंदी इंग्लंडात एमजी कार क्लबकडे आहेत. चासी नंबर कळवला की गाडी कधी तयार झाली आणि मूळ इंजिन कोणतं, हे कळतं. शिक्का असलेलं परदेशी पत्र बघून आमचे साहेब जरा नरमले, खोटं कशाला बोलू.

अर्ज कन्नडमधून लिहा. रागावू नका, पण सीमाप्रश्न खिडकीवर सुटणार नाही, तिथं फक्त नंबर सुटला तर सुटेल. माझा अर्ज शेजारच्या गौडा मास्तरांनी लिहून दिला. आजोबांचे जुने कागद 1956 च्या आधीचे, मुंबई राज्याचे असतील, तर तेही जपून ठेवा. गाडी मूळची संस्थानी हद्दीतली असेल, म्हणजे कोल्हापूरची किंवा सांगली संस्थानाची (बेळगावचं शहापूरसुद्धा तेव्हा सांगलीकडेच), तर विलीनीकरणाआधीचा वेगळा नंबर निघू शकतो. तो विम्याच्या जुन्या कागदावर किंवा गाडीसमोर काढलेल्या लग्नाच्या फोटोत सापडतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आता विचारा.

एनओसी घेऊन गाडी कोल्हापूरला एमएच 09 करावी असंही तुम्ही लिहिलंय. माझं मत, आत्ता नको. एनओसीवर तोच चुकीचा नंबर जाणार आणि मग दोन राज्यांत मिळून चार टेबलं. आधी इथलं बुक शुद्ध करा, वारसाचं नाव लावा, मग काय ते ठरवा.

व्हिंटेज नोंदणीचे नियम 2021 चे आहेत. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी लागते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात व्हीए येतं. आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते, तो सोडू नका. रोजच्या वापराला मात्र परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. पाहणीला समिती येते, आणि ताजा पंच केलेला नंबर तिच्या नजरेतून सुटेल असं धरून चालू नका. मी वकील नाही, फी बदलली असेल तर बघून घ्या.

बोल्टांचं कोडं सोपं आहे, पण कुणी सांगत नाही. चासीला इंग्लिश आटे आणि इंजिनाला मेट्रिक! एमजीचा मालक मॉरिस, त्यानं 1923 साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापाची, म्हणून एक्सपीएजीचे आटे मिलिमीटरमध्ये आणि बोल्टाचं डोकं मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाच्या पान्याचं. बहुतेक बोल्ट 8 मिमीचे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1 मिमी. दुकानातला 8 मिमी बोल्ट 1.25 पिचचा असतो. पाच सोळांश इंची बीएसएफ, म्हणजे इंग्लिश आट्यांचा बोल्ट, दोन आटे छान जातो, तिथं अडकतो, आणि मेकॅनिक पान्याला पाइप लावतो. मग ब्लॉकचे आटे गेले. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही बऱ्या टर्नरकडे जुना बोल्ट नमुना द्या आणि पिच गेजनं मोजून घ्यायला लावा. डोकं व्हिटवर्थच ठेवा.

आणि गॅरंटी प्लेटचा फोटो तुम्ही सगळ्यांना दिसेल असा टाकलाय, तो आधी काढा. अशा पट्ट्यांच्या नकला बनवून विकणारे आहेत. मला निरोपातून वेगळा पाठवा, डम्ब आयर्नच्या नंबराचाही पाठवा, बघून सांगतो.