एंडोमेट्रिऑसिसच्या ऑपरेशननंतर चान्स घेताना किती दिवस वाट बघावी?

तुम्ही लिहिलंय की वय 32, लग्नाला चार वर्षं झाली, तीन महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून डाव्या बाजूची चॉकलेट सिस्ट काढली (एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, आणि त्यामुळे अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ होते, तीच ही सिस्ट). डॉक्टर म्हणाले, ‘आता लवकर चान्स घ्या’, आणि सोबत सहा महिने घ्यायला डायनोजेस्ट या हार्मोनच्या गोळ्या दिल्या. अजून दिवस गेले नाहीत, घरचे विचारतायत, आणि ऑपरेशन फुकट गेलं की काय अशी भीती तुम्हाला वाटतेय.

ताई, आधी त्या गोळ्यांचं बघू, कारण अशाच ऑपरेशननंतर माझं नुकसान तिथेच झालं. डायनोजेस्टने दुखणं कमी होतं आणि सिस्ट परत होण्याची शक्यताही कमी होते. पण गोळी चालू असते तोवर बहुतेक वेळा बीज तयारच होत नाही. म्हणजे ‘लवकर चान्स घ्या’ आणि ‘सहा महिने ही गोळी घ्या’ या दोन गोष्टी एका वेळी होऊ शकत नाहीत. मला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. गोळीमुळे पाळी थांबली की मला वाटायचं, दिवस राहिले. दोनदा टेस्ट करून रडले आहे मी. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी माझे सहा महिने असे गेले, आणि त्याचं दुःख अजून जात नाही.

एशरे ही वंध्यत्वावर काम करणारी युरोपातली संस्था आहे. तिच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की लगेच मूल हवं असेल तर केवळ गर्भधारणेची शक्यता वाढावी म्हणून ऑपरेशननंतर अशी हार्मोन्स देऊ नयेत. तरी गोळी मनाने बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांकडे काही कारण असू शकतं, दुखणं फार असेल किंवा पुढे टेस्ट ट्यूबचा विचार असेल. उद्याच फोन करा आणि एवढंच विचारा: ‘मला मूल आत्ता हवंय, मग ही गोळी कशासाठी?’

आता किती वाट बघायची ते. तुमच्या पोटात नेमकं काय सापडलं, यावर ते ठरतं, आणि ते ऑपरेशन नोट्समध्ये लिहिलेलं असतं. डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा दोनच ओळी असतात, म्हणून पूर्ण नोट्स आणि असेल तर व्हिडिओ मागून घ्या. नुसती ‘स्टेज 3’ की ‘स्टेज 4’ यावरून दिवस राहतील की नाही ते कळत नाही. नळ्या उघड्या आहेत का (ऑपरेशनच्या वेळी निळा रंग सोडून बघतात), त्यांची झालरीसारखी टोकं मोकळी आहेत का, दोन्ही अंडाशयं कशी आहेत, हे बघा. या गोष्टी, तुमचं वय, किती वर्षं प्रयत्न चाललाय आणि आधी कधी दिवस गेले होते का, यांवरून 0 ते 10 गुण काढतात. त्याला एंडोमेट्रिऑसिस फर्टिलिटी इंडेक्स म्हणतात. गुण चांगले असतील तर नैसर्गिक प्रयत्नांना अर्थ आहे. अगदी कमी असतील तर वर्षभर थांबून हाती काही लागत नाही. तुमच्या डॉक्टरांना हा आकडा काढायला सांगा.

माझी उजवी नळी उघडी होती, डावी जवळजवळ बंद, अंडाशय गर्भाशयाच्या मागे चिकटलेलं. एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) ऑपरेशनआधी 2.1 होतं, नंतर 1.1 झालं. सिस्ट सोलून काढताना अंडाशयाचा थोडा चांगला भागही जातो, म्हणून असं होतं. तुमचंही कमी आलं तर लगेच खचू नका. काही जणींचं पुढच्या महिन्यांत थोडं सावरतं, आणि एएमएच किती बीजं उरली याचा अंदाज देतं, या महिन्यात दिवस जातील की नाही हे सांगत नाही. मात्र बीजं कमी असतील तर हाताशी वेळ कमी आहे, हे खरं.

दुसऱ्या डॉक्टरांनी आम्हाला मुदत घालून दिली: सहा महिने स्वतः प्रयत्न, नाही झालं तर टेस्ट ट्यूब. तारीख ठरली आणि मला झोप लागायला लागली. तुम्हीही दोघं बसून तारीख ठरवा.

आणि तुमच्या मिस्टरांची वीर्यतपासणी झालीय का? तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. आमच्याकडे माझं पोट उघडून झालं, तोवर ह्यांची एवढी साधी तपासणी कुणी सांगितली नव्हती. केली तेव्हा शुक्राणूंची हालचाल कमी निघाली. ही आधी कळली असती तर आम्ही पहिल्या दिवसापासून वेगळं ठरवलं असतं. या आठवड्यात करून घ्या.

मेफ्टालसारख्या वेदनाशामक गोळ्या पाळीत घेत असाल तर घ्या, पण बीज फुटायच्या सुमारास शक्यतो टाळा. त्यांनी बीज बाहेर पडायला अडथळा येऊ शकतो, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. संबंधाच्या वेळी खोलवर दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजून मी वर्षभर गप्प राहिले आणि ‘योग्य दिवस’ दातओठ खाऊन सहन केले. फॉलिक अॅसिड आत्तापासून चालू ठेवा. दिवस गेले तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी नक्की करा, कारण आपल्यासारख्यांमध्ये गर्भ नळीत राहण्याचा धोका थोडा जास्त असतो.

सिस्ट परत दिसली आणि कुणी लगेच दुसरं ऑपरेशन सुचवलं, तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. दर ऑपरेशनला बीजं कमी होतात. माझी 3 सेंटिमीटरची परत आली होती. ती तशीच ठेवून टेस्ट ट्यूबसाठी बीजं काढली: चार मिळाली, दोन गर्भ झाले. पहिला राहिला नाही. दुसऱ्याची मुलगी आता अडीच वर्षांची आहे.

‘ऑपरेशन फुकट गेलं का’ असं विचारलंत. नाही. गोळीवर असलेले हे तीन महिने तुमच्या प्रयत्नांत धरायचेच नाहीत, ताई. गोळी बंद होऊन पहिली पाळी येईल, तिथून मोजा. आणि सासूबाईंना मिस्टरांनीच सांगू दे की औषध चालू आहे म्हणून थांबलोय. मी हे सगळं एकटीने ऐकून घेतलं होतं, तुम्ही घेऊ नका.