जात कळल्यावर घरमालकाने खोली नाकारली, तर त्याला किती दंड होतो?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: तालुक्याच्या गावी बदली झाली, खोली पाहिली, भाडं ठरलं. आडनाव ऐकल्यावर घरमालक म्हणाला, "पोराचं लगन आहे, खोली घरालाच लागते." आठ दिवसांत तीच खोली दुसऱ्याला गेली. तुम्ही बौद्ध आहात.

दंडाचा आकडा ऐकून हसू येईल. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५, कलम ४: कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त ५०० रुपये. पण सोबत १ ते ६ महिने कैद आहे, आणि घरमालक घाबरतो तो कैदेला. कोणत्याही वस्तीत राहतं घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणं, हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. खोली मिळवून देण्याची तरतूद मात्र त्यात नाही.

खरी ताकद कलम १२ मध्ये आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला नाकारलं एवढं सिद्ध झालं, की ते अस्पृश्यतेमुळेच नाकारलं असं न्यायालय गृहीत धरतं. 'लगन' खरं होतं हे मग घरमालकाने दाखवायचं. म्हणून जातीचा दाखला जोडा (बौद्धांनाही १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे), आणि खोली कोणाला, कोणत्या तारखेला, किती भाड्याने गेली ते लिहून ठेवा. खोली दाखवणाऱ्याची साक्ष फार मोलाची. आदिवासी कुटुंबांना मात्र या गृहीतकाचा आधार नाही.

लोक आधी अ‍ॅट्रॉसिटीकडे (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याकडे) धावतात. माझ्या मते नुसत्या नकारावर ती टिकणं कठीण. जातीवाचक शिवी चारचौघांत, ओट्यावर किंवा गल्लीत दिली असेल तर अ‍ॅट्रॉसिटी लागते. फोनवर किंवा बंद खोलीत दोघंच असताना दिली असेल तर नाही. घरमालक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असला तरी लागत नाही. गल्लीनेच ठरवून तुम्हाला वाळीत टाकलं तर त्याच कायद्यात बहिष्काराचं कलम आहे: ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड, तपास डीवायएसपीकडे.

ठाण्यात "आपसात मिटवा" म्हणतील किंवा नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून परत पाठवतील. ती घेऊ नका, कलम ४ चा हा गुन्हा दखलपात्र आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी एफआयआर झाला नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने एसपींना (पोलीस अधीक्षकांना) पाठवा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३), आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जा. तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. अनुसूचित जाती-जमातीला उत्पन्नाची अट नाही.

एक काम आजच करा. वेगळ्या आडनावाच्या सहकाऱ्याला त्याच खोलीची चौकशी फोनवर करायला लावा आणि कॉल रेकॉर्ड करा. ज्या फोनवर रेकॉर्ड केला तो विकू नका, फॉरमॅट करू नका. न्यायालयात त्या फाइलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन गेला की तिथेच घोडं अडतं.