पुलाखाली राहणाऱ्या व्यसनग्रस्तांना मोफत काय द्यावे, आणि सुया कोणी द्याव्यात?

मुंबईतील आपल्या सोसायटीजवळच्या उड्डाणपुलाखाली गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, आहारी गेलेली काही माणसे राहतात आणि त्यांना आरोग्याचे साहित्य मोफत द्यावे असे आपल्यापैकी काही रहिवाशांच्या मनात आहे, असे आपण लिहिले आहे. त्या साहित्यात कोऱ्या सिरिंज आणि सुया ठेवाव्यात का, ते कायद्यात बसते का आणि त्याने व्यसन वाढणार नाही ना, हे आपले प्रश्न आहेत. अशा लोकांसाठी चालणाऱ्या एका केंद्रात मी परिचारिका म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगते की सुया आपण वाटू नयेत, ते काम या लोकांमध्ये काम करणाऱ्या संस्थेकडेच राहू द्यावे. मात्र इतर बऱ्याच वस्तू अशा आहेत की ज्यांच्यासाठी संस्थांकडे पैसा कायम अपुरा असतो, त्या आपण जरूर द्याव्यात.

आधी कायद्याचे पाहू. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ नुसार संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केलेले काम गुन्हा ठरत नाही, आणि शिरेतून नशा करणाऱ्याला स्वच्छ सुया पुरवणे हे उदाहरण त्या कलमातच दिलेले आहे. परंतु हे संरक्षण केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाललेल्या कामाला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, कार्यक्रमातील कार्यकर्त्याजवळ ओळखपत्र असते आणि हद्दीतील पोलीस त्याला ओळखत असतात. आपण मात्र सुयांची पिशवी घेऊन रात्री पुलाखाली सापडलात, तर हवालदाराला कलम समजावून सांगण्यातच आपली रात्र जाईल.

माझ्या दृष्टीने याहून मोठे कारण वेगळे आहे. सुया देणे सोपे असते, वापरलेल्या परत गोळा करणे हे खरे काम असते. केंद्रात परत आलेली प्रत्येक सुई पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या आणि टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जाते व तेथून जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत जाते. परतीची व्यवस्था नसेल, तर त्याच सुया सफाई कामगाराच्या हाताला आणि कचरा वेचणाऱ्या मुलांच्या पायाला टोचतात. हिपॅटायटिस सीचा विषाणू वापरलेल्या सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसून आलेले आहे. शिवाय संस्थेचे क्षेत्रीय कार्यकर्ते पुष्कळदा स्वतः त्या आयुष्यातून गेलेले असतात. कोण पन्नीवर गर्द तापवून धूर ओढतो आणि कोण टोचून घेतो, कोणाला कोणत्या मापाची सिरिंज लागते, हे त्यांना ठाऊक असते. नको त्या मापाची सिरिंज मिळाली की माणूस ती बाजूला टाकतो आणि आपली जुनीच वापरतो. जो फक्त ओढतो, त्याला तर तिचा काहीच उपयोग नाही.

सुया दिल्याने व्यसन वाढते ही शंका रास्त असली, तरी तिला आधार मिळालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा एचआयव्हीचा प्रसार घटतो असे दिसले आणि नशा वाढल्याचा खात्रीलायक पुरावा आढळला नाही. ही पद्धत १९८४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली, तीसुद्धा व्यसनी लोकांच्याच संघटनेच्या पुढाकाराने. भारतात २०१७ च्या पाहणीत सर्वसाधारण प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२२ टक्के होते, तर टोचून नशा करणाऱ्यांमध्ये ६.२६ टक्के. एवढी तफावत पाहिल्यावर सुई कोरी असण्याला काय किंमत आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता आपण काय द्यावे ते सांगते. निरोध संस्थेला सरकारकडून मोफत मिळतात, ते विकत घेऊ नका. त्याऐवजी अंगाचा साबण, चपला, अंतर्वस्त्रे आणि सॅनिटरी पॅड द्या. जनौषधी केंद्रात पॅड स्वस्तात मिळतात, आणि पुलाखालच्या स्त्रिया ते स्वतःहून मागत नाहीत, म्हणून ते एखाद्या बाईच्या हातूनच दिलेले बरे. ओआरएसची पाकिटे लहान, ग्लासभर पाण्यासाठीची घ्या. लिटरभर पाण्यासाठीचे मोठे पाकीट घरातल्या माणसाला ठीक आहे; ज्याच्याजवळ भांडेच नाही तो ते एका ग्लासात कालवून पितो आणि क्षारांचे प्रमाण भलतेच वाढते.

मलमपट्टीचे साहित्य आपण केंद्राला द्यावे, पट्टी करण्याचे काम केंद्राकडे राहू द्यावे. टोचून टोचून कोपराच्या आत किंवा जांघेत गळू होते आणि त्यावर बांधलेली चिंधी वाळून कातडीला चिकटलेली असते. ती ओढून काढायची नसते; सलाइनने भिजवून, माणसाशी बोलत बोलत, सुटेपर्यंत थांबायचे असते. सलाइन, गॉज, बँडेज आणि हातमोजे यांचा आमच्याकडचा साठा महिनाअखेरीस हमखास संपत असे. ताप असेल किंवा लाली पसरत असेल, तर रुग्णालयच गाठावे लागते, आणि तेथे एकट्या गेलेल्या अशा माणसाला पुष्कळदा दारातूनच हाकलतात. सोबत नीटनेटक्या कपड्यांतील कोणी असेल, तर केसपेपर निघतो. आपल्यापैकी कोणाला आठवड्यातली एक सकाळ यासाठी देता आली, तर ती मदत कोणत्याही किटहून मोठी ठरेल.

वाटपाचे फोटो काढू नका. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला एक फोटो त्या माणसाच्या गावापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. शिवाय फोटो काढणाऱ्यांना पाहून माणसे जागा बदलतात, आणि मग कार्यकर्त्यांना त्यांना पुन्हा शोधत फिरावे लागते.

सुरुवात म्हणून नॅकोच्या १०९७ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून आपल्या भागात कोणती संस्था काम करते ते विचारा. खरेदी करण्याआधी तिच्या कार्यकर्त्याबरोबर एकदा पुलाखाली जाऊन या. वेळही त्यालाच ठरवू द्या, कारण नशा उतरून अंग मोडून येते, ज्याला तेथे टर्की म्हणतात, त्या वेळी कोणीही साबण घ्यायला थांबत नाही.