विममध्ये फाइल सेव्ह करताना आपोआप साफसफाई आणि यूटीएफ-८ कसं लावायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की विम या टेक्स्ट एडिटरमध्ये कुठलीही फाइल सेव्ह केली की ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा आपोआप निघाव्यात, फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांना चालणारं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) व्हावी, आणि उघडतानाही थोडी तयारी आपोआप व्हावी, तर विमआरसीत (विमच्या सेटिंग्जच्या फाइलीत) काय लिहायचं.

उघडतानाचं खुशाल लिहा. सेव्हचं लिहू नका. सगळ्या फाइलींना सरसकट तर मुळीच नाही. हे मी एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण तुम्ही मागताय त्याच दोन ओळी २०१६ साली माझ्या विमआरसीत होत्या आणि त्यांनी माझ्या वडिलांच्या तीन वर्षांच्या कामाची वाट लावली होती.

बाबा शिक्षक होते, रत्नागिरी जिल्ह्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातले शब्द गोळा करायला घेतले. वरकस, मांगर, गडगा, आगोट, असे. शेतीची एक फाइल, समुद्राची एक, नात्यांची एक, स्वयंपाकाची एक. डावीकडे शब्द, मग रेघ, मग अर्थ. अर्थ सोपा, एका ओळीत, वर्गात सांगितल्यासारखा. ‘पिठी - तांदळाचं पीठ.’ शेवटचा पूर्णविराम मी भरताना काढून टाकायचे. सुरुवातीच्या याद्या त्यांनी वर्डमध्ये टाइप केल्या होत्या, काही नोटपॅडमध्ये. मी पुण्यात बसून त्या एकत्र करायचे आणि ते फोनवर सांगतील ते नवे शब्द थेट विममध्ये भरायचे.

मी तेव्हा होते त्या कंपनीत सगळ्या टीमला एकच विमआरसी होती, टीमलीडनी बनवलेली. त्यात ठरावीक वेळी आपोआप चालणारे दोन ऑटोकमांड, म्हणजे हुक, होते. फाइल लिहिण्याच्या आधी चालणारा, बफराइटप्री, एन्कोडिंग यूटीएफ-८ करून टाकायचा. लिहून झाल्यावर चालणारा, बफराइटपोस्ट, एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट चालवून ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढायचा. दोन्हींच्या पुढे तारा, म्हणजे जगातली कुठलीही फाइल. मी तेव्हाच म्हटलं होतं की मी न टाइप केलेला बदल डिस्कवर जाता कामा नये. ते म्हणाले, ‘हाताने करायचं कुणाच्या लक्षात राहतं? सेव्ह झालेली फाइल स्वच्छच असली पाहिजे.’ मी नवीन होते, गप्प बसले. तीच विमआरसी घरच्या लॅपटॉपवरही आली.

एका रविवारी मी चारही फाइली एकदम घेतल्या आणि बाबांच्या रेघेच्या जागी टॅब टाकायला आर्गडू चालवलं. प्रत्येक फाइल उघडायची, बदलायची, लिहायची. फाइली डोळ्यांनी बघितल्या नाहीत, कारण आर्गडू त्यासाठीच असतं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाची फाइल उघडली तर एकही मराठी अक्षर नाही. डोक्यावर तिरपी रेघ असलेला युरोपी ‘ए’, मग चलनाची ती चार काटेवाली गोल खूण, मग काहीतरी, आणि पुन्हा तेच, खालपर्यंत. आकार जवळपास दुप्पट. माझा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा होता.

झालं होतं ते असं. वर्डमधून आलेला, साध्या रेघेपेक्षा जरा लांब असा एक डॅश जुन्या एएनएसआय (विंडोजच्या एकबाइटी) पद्धतीने फाइलीत शिरला होता. त्यात तो डॅश म्हणजे एकच बाइट, क्रमांक १५०. बाकी सगळी फाइल शुद्ध यूटीएफ-८. विम फाइल उघडताना एन्कोडिंगची एक यादी क्रमाने करून बघतो: आधी बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) आहे का, मग यूटीएफ-८, आणि शेवटी लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपी भाषांचं जुनं एकबाइटी एन्कोडिंग. तो एकटा १५० यूटीएफ-८ मध्ये बसत नाही, म्हणून विमने पूर्ण फाइल लॅटिन-१ म्हणून उघडली. यात विमची काही चूक नाही. लॅटिन-१ मध्ये प्रत्येक बाइटला एक अक्षर ठरलेलं आहे, त्यामुळे तशीच परत लिहिली असती तर बाकीचे बाइट जसेच्या तसे डिस्कवर गेले असते. पडद्यावर कचरा दिसला असता, फाइल मात्र शाबूत राहिली असती. पण लिहिण्याच्या आधी आमच्या हुकने एन्कोडिंग यूटीएफ-८ केलं. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. त्या प्रत्येक बाइटला विम आता स्वतंत्र युरोपी अक्षर समजत होता आणि त्या प्रत्येकाचे त्याने दोन बाइट केले. तिनाचे सहा.

एवढंच असतं तर उलट फिरवणं सोपं होतं. आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅमने यूटीएफ-८ मधून लॅटिन-१ मध्ये आणायचं की मूळ बाइट परत. मी ते केलं, मराठी दिसायला लागली, हायसं वाटलं. दुसऱ्या प्रोग्रॅममधून प्रिंट काढली आणि त्या शनिवारी गावी घेऊन गेले.

बाबा लाल पेन घेऊन पडवीत बसले. तासाभराने हाक मारली. ‘अगं, इथे पिठाचा ठ कुठे गेला?’ बघितलं तर ‘तांदळाचं पी’ आणि पुढे काळा चौकोन. खाली ‘भाजणी’ पुढे तेच, धान्यं आणि डाळी भाजून दळलेलं पी. मीठ जिथे जिथे ओळीच्या शेवटी होतं तिथे मी. मला वाटलं, इकडची तिकडची काही अक्षरं गेली असतील. बाबांनी दोन पानं पुढे चाळली आणि म्हणाले, ‘इकडची तिकडची नाही. फक्त ठ गेलेत, आणि तेही ओळीच्या शेवटचेच. मधले सगळे जागेवर आहेत.’ संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण पस्तीस वर्षं वह्या तपासलेला माणूस, चूक कुठल्या जातीची आहे ते त्यांनी माझ्या आधी ओळखलं.

तिथे मला दुसरा हुक आठवला. ठ चे यूटीएफ-८ मधले तीन बाइट २२४, १६४, १६०. लॅटिन-१ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी स्पेस. ओळीच्या शेवटची मोकळी जागा काढताना पायथॉन स्पेस आणि टॅबबरोबर तिलाही मोकळी जागाच धरतो. म्हणून ओळीच्या शेवटी ठ आला की त्याचा तिसरा तुकडा ‘स्वच्छ’ होऊन जात होता. १३३ ची तीच गत, आणि अ चा शेवटचा बाइट १३३ आहे. अर्थाची ओळ सहसा अ वर संपत नाही, म्हणून तेवढं वाचलं. ती स्क्रिप्ट ओळी तोडायला पायथॉनचं स्प्लिटलाइन्स वापरत असती तर मात्र प्रत्येक अ पाशी ओळ तुटली असती, कारण १३३ त्याला ओळीचा शेवट वाटतो.

दुरुस्ती त्यामुळे नेमकी करता आली. ओळीच्या शेवटी २२४, १६४ असं अर्धवट राहिलं असेल तिथे १६० जोडायचा. एकसष्ट ओळी निघाल्या. बाबांनी प्रिंटवरच्या लाल खुणा मोजल्या, एकसष्ट.

सोमवारी टीमलीडना सांगितलं. ते म्हणाले, ‘तुझी फाइलच खराब होती, हुकचा काय दोष?’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आज आहे. खराब फाइल सगळ्यांकडे असते. एक वाईट बाइट असलेली फाइल ही एका बाइटची अडचण असते, आणि एडिटरने तिला हात लावला नसता तर ती तेवढीच राहिली असती. न विचारता लिहिणाऱ्या हुकने तिची नऊशे ओळींची अडचण केली.

आता तुमचं काम. उघडताना बफरीडपोस्टवर हवं ते करा: कर्सर मागच्या जागी न्या, फोल्ड बंद करा. स्टेटसलाइनमध्ये फाइलएन्कोडिंग आणि फाइलफॉरमॅट कायम दिसू द्या. मला त्या दिवशी तिथे ‘लॅटिन-१’ दिसलं असतं तर हे पुढचं काही घडलं नसतं. मोकळ्या जागा नको असतील तर आधी त्या दिसतील असं करा. लिस्ट चालू करून लिस्टकॅर्समध्ये ट्रेलला एक ठिपका द्या आणि दिसल्या की स्वतः काढा. सेव्हच्या बाजूला अनडूफाइल (७.३ पासून आहे) आणि बॅकअप चालू करा, दोन्हींना वेगळी फोल्डर द्या. राइटबॅकअपवर विसंबू नका, लिहिणं नीट झालं की तो आपली प्रत पुसून टाकतो.

यूटीएफ-८ हाताने करा. फाइल लॅटिन-१ म्हणून उघडली असेल तर नॉर्मल मोडमध्ये आठ, जी, आठ दाबा. कर्सर थेट त्या न बसणाऱ्या बाइटवर जातो. तो बदला, तशीच सेव्ह करा, पुन्हा उघडा. मी बाबांच्या फाइलीतला तो १५० तसाच शोधला आणि तिथे साधी रेघ टाकली.

साफसफाईचा हुक लावायचाच असेल तर ताऱ्याऐवजी ठरावीक एक्स्टेन्शन द्या, विमच्या स्वतःच्या शोध-बदलानेच काढा (त्याच्यातली मोकळ्या जागेची खूण फक्त स्पेस आणि टॅब धरते), शेवटी ‘ई’ लावा म्हणजे काही सापडलं नाही तरी एरर येत नाही, आणि सगळं ऑग्रुपमध्ये (ऑटोकमांडच्या गटात) घालून आत पहिल्याच ओळीत जुने ऑटोकमांड पुसा. नाहीतर विमआरसी जितक्या वेळा लोड कराल तितक्या वेळा तेच चालेल. मार्कडाउन वगळा, तिथे शेवटच्या दोन स्पेसना अर्थ असतो. दुसऱ्याच्या जुन्या कोडवरही नको, डिफमध्ये (बदलांच्या यादीत) शेकडो ओळी तुमच्या नावावर चढतात.

तुम्ही एकटेच नवा कोड लिहीत असाल, किंवा टीमने ठरवून एडिटरकॉन्फिगची (सगळ्या एडिटरांना सारखे नियम देणारी) फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवली असेल, तर माझी हरकत नाही. गो भाषेत लिहिताना सेव्हवर गोएफएमटी हा तिचा फॉरमॅटर मीही चालवते. तो चुकीच्या कोडला हात लावत नाही, एरर देऊन थांबतो. आमच्या टीमलीडच्या हुकने तेवढं केलं असतं तरी माझा वाद नव्हता.