कॅलिफोर्नियात राहणाऱ्याने वाइन क्लबचे सदस्य व्हावे का, आणि क्लब कसा निवडावा?

तुम्ही फ्रीमाँटला राहता, नुकतेच नापा व्हॅलीत फिरून आलात, तिथल्या एका वाइनरीत, म्हणजे वाइन तयार करण्याच्या ठिकाणी, क्लबचे (ठरावीक काळाने वाइनची खेप घेण्याच्या योजनेचे) सदस्य होण्याचा आग्रह झाला, आणि पाठोपाठ एका ऑनलाइन क्लबची अत्यंत स्वस्तात 12 बाटल्या देणारी जाहिरातही पाहण्यात आली. या दोहोंपैकी काय निवडावे, असे तुम्ही विचारले आहे. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात राहून अशा क्लबांचे सदस्यत्व मी बरीच वर्षे घेत आलो आहे आणि माझे मत स्पष्ट आहे. स्वतः वाइन तयार करणाऱ्या लहान वाइनरीचा क्लब निवडावा, तो घरापासून सहज जाता येईल अशा अंतरावर असावा, आणि टेस्टिंगच्या, म्हणजे वाइन चाखायला जाल त्या, दिवशीच सही करू नये.

लहान वाइनरी क्लबसाठी एवढा आग्रह का धरतात, हे आधी लक्षात घ्यायला हवे. 1933 मध्ये दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक वितरक आणि किरकोळ विक्रेता अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था लावून दिली. थोडीच वाइन करणाऱ्याकडे मोठे वितरक सहसा फिरकत नाहीत, आणि फिरकले तरी नफ्याचा मोठा वाटा वाटेतच जातो. त्यामुळे ग्राहकाला थेट विकलेली बाटली हाच या मंडळींचा खरा आधार असतो, आणि त्याच्या बदल्यात सदस्याला सवलत, मोफत टेस्टिंग आणि दुकानात न येणाऱ्या वाइन मिळतात. नापात अनेक ठिकाणी टेस्टिंगलाच माणशी 50 डॉलरहून अधिक पडतात. भारतातून पाहुणे येत असतील, तर एवढी एक सोयही बरेच पैसे वाचवते.

ऑनलाइन क्लबबाबत मी अधिक सावध आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाटल्यांवर केवळ त्या क्लबसाठी छापलेली लेबले असतात. तीच बाटली इतर कोणत्याही दुकानात नसल्यामुळे, खोडून दाखवलेली मूळ किंमत खरी की फुगवलेली, हे पडताळण्याचा मार्गच उरत नाही. अशी बाटली हाती आली की लेबलावरील बारीक अक्षरांची ओळ अवश्य वाचा. ‘प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय’ असे असेल, तर त्यातील किमान 75 टक्के वाइन त्या उत्पादकाने स्वतः आंबवलेली असावी लागते. ‘सेलर्ड’ किंवा ‘व्हिंटेड अँड बॉटल्ड बाय’ असेल, तर ती दुसऱ्याकडून विकत घेऊन केवळ बाटलीत भरलेली असू शकते. तसेच नापा व्हॅलीसारख्या मान्यताप्राप्त प्रदेशाचे नाव लावायचे, तर किमान 85 टक्के द्राक्षे तिथली असावी लागतात, मात्र नुसते ‘कॅलिफोर्निया’ लिहिले असेल, तर ती राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेली असू शकतात. अशी वाइन वाईटच असते असे नाही, पण आपण कशाचे पैसे मोजतो आहोत, हे कळलेच पाहिजे.

आता तुमच्या स्वयंपाकघराचा विचार करा, कारण हा मुद्दा टेस्टिंग रूममध्ये कोणीही काढत नाही. नापाची ख्याती कॅबर्ने सोव्हिन्यों या लाल वाइनसाठी आहे, आणि तिच्यातील टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) व अल्कोहोल यांमुळे तिखट अधिकच झोंबते. घरी आठवड्यातून चार दिवस मसाल्याचे कालवण होत असेल, तर कॅबर्नेच्या क्लबमधील बाटल्या कपाटातच पडून राहतील. अशा घराला रीसलिंग, गेवुर्झट्रामिनर किंवा शेनिन ब्लाँ यांसारखी पांढरी वाइन अधिक मानवते. नाशिकची शेनिन आवडत असेल, तर सॅक्रामेंटोजवळच्या क्लार्क्सबर्गची शेनिन चाखून पाहा. लाल वाइनच हवी असेल, तर फळांचा स्वाद ठळक असलेली, फार जड नसलेली झिनफांडेल पाहावी.

अंतराच्या दृष्टीने तुम्हाला जवळचे लिव्हरमोर हे शहर सर्वांत सोयीचे आहे. तिथल्या शिव-विष्णु मंदिरामुळे तो रस्ता बहुधा तुमच्या परिचयाचाही असेल. वेंटी आणि कॉनकॅनन या तिथल्या दोन्ही वाइनरी 1883 सालच्या आहेत, आणि भोवताली अनेक लहान वाइनरीही आहेत. जवळच्या क्लबचा मोठा लाभ म्हणजे बाटल्या स्वतः जाऊन आणता येतात. पार्सल घरी मागवले, तर ते घ्यायला 21 वर्षांवरील व्यक्तीची सही लागते, आणि दोघेही नोकरीवर असाल, तर खोके परत जाते. शिवाय उन्हाळ्यात तापलेल्या ट्रकमध्ये दिवसभर फिरलेली वाइन बिघडण्याची भीती असते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पाठवणी थांबवून ठेवण्याची सोय आहे का, हे विचारून घ्या.

सही करण्यापूर्वी अटी घरी नेऊन शांतपणे वाचाव्यात. वर्षाला किती वेळा आणि किती बाटल्या येणार, त्या तुम्ही निवडायच्या की वाइनरी ठरवील ते घ्यायचे, सांगितलेल्या किमतीत कर व पाठवणीचा खर्च धरला आहे का, आणि किमान किती खेपा घेतल्यावर बाहेर पडता येते, एवढे तरी लेखी पाहा. बाटल्या स्वतः निवडता येणारा क्लब मी केव्हाही अधिक पसंत करतो. साधारण 13 अंश सेल्सिअसची, अंधारी जागा घरात नसेल, तर सर्वांत लहान योजनाच घ्यावी. गॅरेजमध्ये साठा करू नये. ऑनलाइन घेतलेले सदस्यत्व ऑनलाइनच रद्द करू देण्याचे बंधन कॅलिफोर्नियाच्या कायद्याने 2018 पासून घातले आहे. पुढची खेप निघण्याच्या आधी किती दिवस कळवावे लागते, ती तारीख मात्र सदस्य झाल्या दिवशीच कॅलेंडरवर नोंदवून ठेवा, कारण कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात.