टाचणात न बसणारा तास

तुझा मेसेज काल रात्री वाचला. इंटर्नशिपचे पाठ चांगले झाले, शेरा पण छान मिळाला, पण नववी क ची मुलं "बाई, आम्ही क वाले, आमचं काय होणारे" असं म्हणाली आणि तुला पुढे बोलायला सुचेना. अगं हे त्यांना कुठल्या पुस्तकाने नाही शिकवलं, मार्कांवर तुकड्या पाडल्या, अनुभवी शिक्षक अ ला दिले, स्पर्धेची नोटीस अ मध्येच फिरली, हे वर्षानुवर्षं बघितलं की पोरं स्वतःची लायकी स्वतःच ठरवून टाकतात. बीएडला छुपा अभ्यासक्रम म्हणून जे पाठ केलंस ना, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन, १९६८, ते हेच. गर्दीत आपला नंबर यायची वाट बघणं, सतत कोणीतरी आपल्याला तोलतंय हे सोसणं, ज्याच्या हातात सत्ता त्याच्यापुढे कसं वागायचं, हे मूल वर्गात शिकत असतं, विषय कुठलाही असो.

माझ्याकडूनही एक धडा असाच शिकवला गेलाय. नवीन होते, तपासणी आली, वरून सांगितलं वह्या पूर्ण करून घ्या, मी फळ्यावर मागच्या तारखा लिहून दिल्या. एका मुलीने विचारलं, "बाई, हे तर आज लिहितोय ना आपण?" मी म्हटलं, गप लिही. पुढच्या टर्मला तिच्या जर्नलमध्ये न केलेल्या प्रयोगाची रीडिंग सापडली, सुंदर अक्षरात. मी रागावले तर ती शांतपणे म्हणाली, "तारखा पण तशाच टाकल्या होत्या ना बाई." तिला बोलायला माझ्याकडे तोंडच नव्हतं, आजही आठवलं की झोप उडते.

दहावीला शिकवायला जाशील तेव्हा अंतर्गत मूल्यमापनाचे २० मार्क तुझ्या हातात येतील, ते हातात आहेत अशी धमकी चुकूनसुद्धा देऊ नकोस, त्यातून मुलं फक्त लाचारी शिकतात. बाकं उचलायला मुलगे, रांगोळीला मुली, हे पण मोड. आणि शिपाई मावशींशी कसं बोलतेस तिकडे पोरांचं बारीक लक्ष असतं.

तू रोज बुधवार पेठेतून जातेस, भिडे वाड्याच्या जागेवरून. १८४८ मध्ये तिथे मुली अक्षरं शिकल्याच, पण समोर शिकवायला एक बाई उभी आहे, सावित्रीबाई, हे बघणं हाही केवढा मोठा धडा असेल त्यांच्यासाठी!

सोमवारी क वर जा, विज्ञान प्रदर्शनाची नोटीस आधी तिथेच वाच, नावं तिथेच लिहून घे. आणि आठवडाभर एका वहीत टिपून ठेव, तू कोणाला नावाने हाक मारलीस आणि कोणाला नुसतं "ए मागच्या" म्हणालीस. रविवारी वही घेऊन घरी ये, जेवायलाच ये.