मुलीने झुलू मुलगा पसंत केलाय? लोबोलाच्या, म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी द्यायच्या वधूमूल्याच्या, बैठकीआधी एवढं करा

दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानमधल्या मराठी आईबाबांना पहिली धास्ती असते ती 'संस्कृती जुळेल का' याची. पण दोन घरांमधलं अंतर निव्वळ संस्कृतीचं नाही. फिनिक्स, चॅट्सवर्थ भारतीयांचं आणि क्वामाशू, उम्लाझी आफ्रिकनांचं, ही वाटणी वर्णद्वेषी राजवटीची. 1949 चा मिश्रविवाहबंदी कायदा गोरे आणि बिगरगोरे यांच्यातल्या लग्नांपुरता होता. भारतीय-झुलू लग्नाला त्याची आडकाठी नव्हती. पण 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्याने वस्त्याच तोडल्या, मग भेटणार कुठे? तो 1991 मध्ये गेला, वस्त्या मात्र अजून तशाच. जानेवारी 1949 ची आफ्रिकन-भारतीय दंगल आणि जुलै 2021 मध्ये फिनिक्समध्ये झालेल्या आफ्रिकनांच्या हत्या मुलाच्याही घरात कोणी विसरलेलं नाही. म्हणून मुलाला पहिल्यांदा दिवसाउजेडी बोलवा आणि फाटकापर्यंत स्वतः जा. त्याच्या रंगावरून मराठीत कुजबुजू नका. त्याला नाही कळलं तरी मुलीला कळतं.

लग्नाचं ठरलं की मुलाकडून अबाखोंगी, म्हणजे मध्यस्थ, लोबोलाची बोलणी करायला येतात. नवरामुलगा सहसा त्या बैठकीत नसतो. तुमच्याकडूनही काका-मामा बसवा. जुना झुलू हिशेब अकरा गुरांचा: दहा लोबोलाची आणि एक मुलीच्या आईचा मान. आता बहुधा रोख. इथे आपली माणसं हमखास चुकतात. 'आम्ही मुलगी विकत नाही' म्हणून पैसे परत केले, तर समोरच्यांना ते नातं नाकारल्यासारखं वाटतं. थोडी रक्कम मानाने घ्या, उरलेली जोडप्याच्या संसाराला लावायला सांगा. पण हे आधी घरात ठरवा, बैठकीत नव्हे.

खरी मेख पुढे आहे. लोबोला ठरला, समारंभ झाला की रूढीनुसार लग्न लागलंच, असा दावा नंतर होऊ शकतो. वधूची पाठवणी झाली नव्हती, एवढ्यावर तो फेटाळला जाईल असं नाही. न्यायालयांनी तसं म्हटलेलं आहे. आणि करार नसेल तर मालमत्ता सामाईक, कर्जासकट. म्हणून नोटरीपुढचा विवाहपूर्व करार लोबोलाच्या बैठकीआधी सही करून ठेवा. सहीपासून तीन महिन्यांत डीड्स ऑफिसात, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयात, त्याची नोंद लागते. त्यात 'अक्रूअल' स्पष्ट शब्दांत वगळलं नाही, तर संसारात वाढलेल्या संपत्तीतला वाटा दोघांनाही मिळतो. नोकरी सोडून घर सांभाळणाऱ्याला तो हवाच, तेव्हा उगाच वगळू नका.

मुलगी भारतीय नागरिक असेल तर होम अफेअर्स, म्हणजे सरकारचं गृह खातं, लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचा दाखला मागतं आणि दोघांची मुलाखतही घेतं. दाखल्याला वेळ लागतो. हॉलची तारीख त्यानंतर धरा.